अर्थ सांगते, सल्ला नाही

कोर्टात खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाला एक नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो. कुणी शब्दाचा अर्थ विचारला तर सांगायचा. ‘मग मी काय करू?’ असं विचारलं की तोंड बंद. अर्थ सांगणं माझं काम, सल्ला देणं वकिलाचं, आणि दोन्हींची गल्लत केली तर नोकरी जाते. मी, मार्लिस ह्रुस्का, टिलमन काउंटीच्या कोर्टात बावीस वर्षं हा नियम पाळतेय. आता माझा स्वभाव बघाल तर शेजारणीच्या घरातून केक करपल्याचा वास आला की मी तिला न विचारता आत शिरून ओव्हन बंद करून येणारी बाई. त्यामुळे बावीस वर्षांत माझ्या पोटात किती सल्ले साठले असतील, विचारूच नका.

सगळ्यात जास्त साठले ते मागच्या वर्षी, व्हर्ना कुबिचेकच्या खटल्यात.

व्हर्ना म्हणजे आमच्या शाळेची चार नंबरची बस. एकतीस वर्षं ती बस तिच्याच हातात आहे. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि जी काही थोडी माणसं चाळिशीच्या आत आहेत ती बहुतेक सगळी व्हर्नाच्या बसमधून शाळेत गेलेली. तिची शिस्त म्हणजे शिस्त. बसमध्ये मारामारी केली की घर दोन मैल लांब असो की तीन, दार उघडायचं आणि पोरगं खाली. त्या काळात ते चालायचं. आता चालत नाही, म्हणून आता ती नुसती आरशातून बघते. तेवढंही पुरतं.

तर सप्टेंबर महिन्यात सकाळची फेरी संपवून, पोरांना शाळेत सोडून, व्हर्ना रिकामी बस गॅरेजकडे नेत होती. डॉटीच्या कॅफेपासून मैलभर पुढे जे क्रॉसिंग आहे तिथे थांबायची पाटी आहे. व्हर्ना थांबली नाही. तेवढ्यात आडव्या रस्त्याने लीलंड ओबर्ग आपल्या गाडीमागे भोपळ्यांची ट्रॉली जोडून चालला होता. बसने ट्रॉलीला ठोकलं आणि चारशे भोपळे रस्ताभर घरंगळत गेले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेरीफचा डेप्युटी आला, त्याने वही काढली, आणि व्हर्ना त्याला म्हणाली, “पाटी आहे हे मला माहीत होतं.” त्याने ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं.

आठवड्याने समन्स निघालं. आरोप साधा पाटी तोडल्याचा, म्हणजे पाटीला न थांबल्याचा, नव्हता; बेपर्वाईने गाडी चालवल्याचा होता. पाटी तोडली तर दंड भरायचा आणि घरी जायचं. पण बेपर्वाई सिद्ध झाली की स्कूलबसचं लायसन्स जातं, आणि व्हर्नाच्या वयाला ते गेलं म्हणजे कायमचंच गेलं. शाळेने तिला घरी बसवलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले होते, “निर्दोष सुटलीस तर कोर्टाच्या शिक्क्याचा कागद आण आणि त्याच दिवशी चावी घे. नाहीतर…” पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता व्हर्ना माझ्या खिडकीवर.

“मार्लिस, यात ‘आरोपी’ लिहिलंय. म्हणजे मी गुन्हेगार?”

“नाही गं. आरोपी म्हणजे जिच्यावर आरोप आहे ती. गुन्हा सिद्ध होईपर्यंत कायद्याच्या लेखी तू निर्दोषच.”

“हे त्या टेटला माहीत आहे का?”

टेट व्हिटकॉम्ब म्हणजे आमचा नवा सरकारी वकील. वय एकोणतीस, लिंकन शहरातून आलेला, बूट रोज पॉलिश केलेले. वाईट नाही हो पोरगा. फक्त पुस्तकाबाहेर अजून पाऊल पडलेलं नव्हतं.

“त्याला तीन वर्षं कॉलेजात तेच तर शिकवलंय,” मी म्हटलं.

“आणि माझ्याविरुद्ध फिर्याद कुणी केलीय? लीलंडने?”

“लीलंड नुसता साक्षीदार. गुन्ह्याच्या खटल्यात फिर्याद राज्याची असते. हे बघ, वरतीच लिहिलंय, ‘नेब्रास्का राज्य विरुद्ध व्हर्ना कुबिचेक’.”

तिने चष्मा वर करून ती ओळ बराच वेळ वाचली. “म्हणजे वीस लाख माणसं एका बाजूला आणि मी एका बाजूला. माझ्या बसमध्ये फक्त साठ असतात.” मग खिडकीत वाकून हळूच म्हणाली, “मग मी वकील करू की नको?”

आजच्या आज कर गं बाई, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. “हा सल्ला झाला.”

“एवढंसं पण नाही?”

“एवढंसं पण नाही.”

“तुझ्या लग्नाचा केक मी केला होता.”

“केक फार छान होता. सल्ला मिळणार नाही.”

तिने वकील केला नाहीच. ‘साठ पोरांना एकटीने आवरते, एका वकिलाला काय आवरणार नाही?’ असं ती जज थोरसनना भर कोर्टात म्हणाली. जजसाहेबांनी तिला दोनदा समजावलं, वकील नसेल तर कुणीही तुम्हाला सूट देणार नाही, नियम तेच राहतील. ती म्हणाली, “नियम मला आवडतात.” मग त्यांनी विचारलं, आरोपाला तुमचं उत्तर काय? गुन्हा कबूल, गुन्हा नाकबूल, की तिसरं, म्हणजे कबूल करत नाही पण लढतही नाही? व्हर्ना म्हणाली, “तिसरं उत्तर माझ्या नवऱ्याचं. देव त्याला शांती देवो, आयुष्यभर तेच देत होता. माझं नाकबूल.”

जजसाहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला.

आता आमच्या गावात सल्ल्याला तोटा नाही, बंदी आहे ती एकट्या माझ्या खिडकीवर. डॉटीच्या कॅफेत जर्दाळू भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव खाता खाता गाव व्हर्नाला शहाणं करत होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. सप्टेंबरमध्ये त्या कोपऱ्यावर मका डोक्यापेक्षा वर गेला होता, पाटी पूर्ण झाकली होती, तेवढंच सांग आणि मोकळी हो. मीही मनातून त्याच मताची होते. व्हर्ना मात्र कोलाचे पुढे ढकलून म्हणाली, “पाटी दिसत नव्हती हे खरंय. पण मला दिसायची गरज काय होती? मी तिथे एकतीस वर्षं थांबतेय. मक्यामागे लपायला मी काय ससा आहे?”

मग टेटने तिला तडजोड देऊ केली. ती तडक माझ्याकडे आली. “तडजोड म्हणजे काय?”

“तू गुन्हा कबूल करायचा, त्याच्या बदल्यात सरकारी वकील काहीतरी सोडतो. खटला टळतो.”

“तो म्हणतो, तुरुंगवास मागणार नाही. मी म्हटलं, आणि बस? म्हणे, बस जाणार. मग ही तडजोड कसली? त्याचं सगळं राहिलं आणि माझं काहीच नाही.” तिने कागद परत घडी करून पर्समध्ये कोंबला. “बरं, मला सांग, खटल्यात मी काय काय सिद्ध करायचं?”

“काहीच नाही. सिद्ध करायची जबाबदारी त्याची. आणि तेही असं, की ज्युरीच्या मनात वाजवी शंका उरता कामा नये. तू अगदी गप्प बसलीस तरी चालतं. आरोपीला साक्ष द्यायला कुणी भाग पाडू शकत नाही, आणि ती गप्प बसली म्हणून ज्युरीने तिच्याबद्दल वाईट मत करून घ्यायचं नाही.”

“मग मी गप्प बसू?”

मी स्टेपलर उघडून त्यातल्या पिना बघू लागले.

“कळलं, कळलं. वाजवी शंका म्हणजे किती शंका, ते तरी सांग.”

“पोरांना सोडून तू बस गॅरेजला लावलीस. मागच्या बाकावर कुणी झोपून राहिलं असेल का, अशी मनात पाल चुकचुकली तर काय करतेस?”

“उठून मागे जाते आणि प्रत्येक बाक बघते. रोज बघते.”

“आणि कुणी म्हणालं, मागे परग्रहावरचा माणूस बसला असेल तर?”

“त्याला डॉक्टरकडे पाठवेन.”

“पहिली शंका वाजवी. दुसरी नाही.”

व्हर्ना खुशीत आली. “हे जज असं का सांगत नाहीत? परवा अर्धा तास बोलत होते, माझे पाय झोपले.”

असे सहा आठवडे गेले. रोज एक शब्द, कधी दोन. हरकत म्हणजे काय, ती मान्य होणं म्हणजे काय, फेटाळली जाणं म्हणजे काय. सूचक प्रश्न म्हणजे ज्याच्या पोटातच उत्तर असतं तो. आपल्या साक्षीदाराला विचारायचा नाही, समोरच्याच्या साक्षीदाराला उलटतपासणीत खुशाल विचारायचा. सगळ्यात जास्त तिला आवडला तो ऐकीव पुरावा. लीलंड असं म्हणाला असं डॉटी म्हणाली, हे कोर्टात चालत नाही, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, “अगं, मग या गावात बोलायला उरलं काय?”

रोज तिच्या शेवटच्या प्रश्नाला मी मूग गिळून बसायची. घरी जाऊन नवऱ्यावर चिडायची. एकदा तो बिचारा म्हणाला, “माझी काय चूक?” तर मी त्याला म्हटलं, “हा सल्ला झाला.”

नोव्हेंबरात खटला उभा राहिला. खटल्याच्या दिवशी मी खिडकी बंद करून जजसाहेबांच्या खाली बसते; साक्षीदारांना शपथ देणं, ज्युरीला आत-बाहेर नेणं ही कामं माझी. ज्युरीसाठी अठरा जणांना बोलावलं होतं, त्यांतून सहा निवडायचे होते. टेट उठला, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाला, “आरोपीला व्यक्तिशः ओळखतं असं कुणी आहे का?”

अठरा हात वर गेले.

टेटने खाली कागदात बघितलं, जणू तिथे पुढची ओळ लिहिलेली असावी. “बरं… यांच्या बसने शाळेत कोण जात होतं?”

तेरा हात. पहिल्या रांगेतला ड्वाइट सेड्लाक, अडतीस वर्षांचा, धान्याच्या कोठारावर काम करणारा दांडगा गडी, तो तर खुर्चीत एकदम ताठ बसला, कारण व्हर्ना त्याच्याकडे बघत होती.

जजसाहेब म्हणाले, “मिस्टर व्हिटकॉम्ब, ओळखीचे सगळे वगळायचे म्हटलं तर आपल्याला ज्युरी शेजारच्या राज्यातून आणावी लागेल. निःपक्ष राहू शकाल का, एवढंच विचारा.”

सगळे म्हणाले, राहू. मग कारण न देता तीन तीन नावं वगळायचा अधिकार दोन्ही बाजूंना असतो; उरलेल्यांतले पहिले सहा ज्युरीत बसतात. टेटने डोकं चालवलं. त्याने विचारलं, “व्हर्नाबाईंनी कधी कुणाला बसमधून उतरवलं होतं का?” ड्वाइटसह चौघांचे हात वर गेले. “घरापर्यंत चालत जावं लागलं?” “हो.” “राग आला होता?” “खूप,” ड्वाइट म्हणाला. टेटच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने व्हर्नाकडे हसून बघणाऱ्या तिघांना वगळलं आणि हे उतरवलेले चौघे ठेवून घेतले. पुढचं त्याने विचारलंच नाही. मला सगळं माहीत होतं, पण मला कोण विचारतंय?

व्हर्नाची पाळी आली. ती ज्युरीच्या रांगेसमोर उभी राहिली. “ड्वाइट, मी तुला उतरवलं तेव्हा तुझी चूक होती?”

“होती.”

“आता कुणाला मारतोस?”

“नाही, बाई.”

“छान. मला कुणालाच वगळायचं नाही, जजसाहेब.”

मग टेटचं पहिलं भाषण सुरू झालं. “श्रीमती कुबिचेक या गावात सर्वांना आदरणीय आहेत…”

“हरकत!” व्हर्ना उभी.

जजसाहेब चक्रावले. “कशाला?”

“तो मस्का लावतोय.”

“हरकत फेटाळली. श्रीमती कुबिचेक, समोरचा चांगलं बोलत असेल तेव्हा बोलू द्यायचं असतं.”

पहिला साक्षीदार लीलंड. तो म्हणाला, बस मक्यातून अचानक बाहेर आली, ब्रेकचा आवाज नाही, हॉर्न नाही, धाडकन ट्रॉलीला लागली. खरं तेच बोलत होता, त्याच्याशी भांडण नव्हतं. व्हर्ना उलटतपासणीला उठली.

“लीलंड, मी वाऱ्यासारखी आले असते तर तू आज इथे बसला असतास का?”

“हरकत, हा तर्क झाला,” टेट म्हणाला.

“मान्य,” जजसाहेब म्हणाले. “काय झालं असतं ते नको, काय झालं ते विचारा.”

व्हर्नाने थोडा विचार केला. “लीलंड, तू गाडीत नेहमी उघड्या कपातून कॉफी पितोस, बरोबर?”

“बरोबर.”

“त्या दिवशीही कप समोरच ठेवला होता?”

“हो, डॅशबोर्डवर.”

“भरलेला?”

“अर्ध्याहून जास्त.”

“धडक बसल्यावर कॉफी सांडली?”

लीलंडने आढ्याकडे बघितलं, आठवलं, आणि त्याचाच त्याला अचंबा वाटला. “नाही गं. नंतर डेप्युटी येईपर्यंत मी ती प्यायलो.”

ज्युरीत कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या मनात आलं, सूचक प्रश्न, व्हर्ना, एकदम सूचक! मी चेहरा दगडासारखा ठेवला.

पण दुसरा साक्षीदार डेप्युटी होता, आणि त्याने वही उघडली. “आरोपी मला म्हणाल्या, ‘पाटी आहे हे मला माहीत होतं.’”

“हरकत! ऐकीव!” व्हर्ना जवळजवळ आनंदाने ओरडली. सहा आठवडे हा शब्द वापरायची ती वाट बघत होती.

“फेटाळली,” जजसाहेब शांतपणे म्हणाले. “आरोपीचं स्वतःचं बोलणं तिच्याविरुद्ध वापरलं तर ते ऐकीव धरत नाहीत. तुम्ही स्वतः इथे हजर आहात, श्रीमती कुबिचेक. आपल्याच बोलण्याला आपण ऐकीव म्हणू शकत नाही.”

व्हर्ना खाली बसली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत ‘हे तू मला सांगितलं नव्हतंस’ असं स्पष्ट होतं. तिने ते विचारलं नव्हतं हो! विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. पण माझा जीव त्या वेळी एवढासा झाला. कारण टेटकडे आता हवं ते सगळं होतं. पाटी माहीत होती, थांबली नाही. माहीत असून थांबत नाही तो बेपर्वा, असं तो ज्युरीला सांगणार होता, आणि त्याला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

टेट म्हणाला, “सरकारी बाजू संपली.”

जजसाहेबांनी मला ज्युरीला बाहेर न्यायला सांगितलं. मी परत आले तेव्हा ते व्हर्नाला म्हणत होते, “साक्ष द्यायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं. दिलीत तर हे तुमची उलटतपासणी घेतील आणि तुम्हाला प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागेल. नाही दिलीत तरी ज्युरी त्यावरून काही ठरवणार नाही.”

व्हर्ना पुन्हा माझ्याकडे वळली. या वेळी तोंडाने काही विचारलं नाही. मी टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात किंचाळत होते: बस खाली! व्हर्ना, देवाशपथ, बस खाली! तो तुला विचारणार, थांबलात का, आणि तू ‘नाही’ म्हणणार, कारण तुला खोटं बोलता येत नाही. मग संपलं सगळं.

“मी साक्ष देते,” ती म्हणाली.

ज्युरी परत आली. शपथ मीच दिली. ती खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि ज्युरीकडे वळून बोलू लागली.

“बस रिकामी होती. मी गात होते. पोल्का, आपलं नाचाचं गाणं. मोठ्याने. पोरं असताना मला गाता येत नाही, ती हसतात. त्या दिवशी ऊन छान पडलं होतं, आवाजही बरा लागला होता, आणि क्रॉसिंग कधी आलं मला कळलंच नाही. मका उंच होता, पाटी झाकली होती, पण ते मी सांगणार नाही, कारण ती पाटी मला झोपेतसुद्धा माहीत आहे. डेप्युटीला मी तेच म्हणाले. मला म्हणायचं होतं, माहीत असून मी चुकले, लाज वाटतेय. पर्वा नव्हती असं मला म्हणायचं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदा माझं मन दुसरीकडे गेलं आणि नेमके लीलंडचे भोपळे समोर आले. बसमध्ये एक जरी पोरगं असतं तर मी गायलेच नसते.”

टेट उठला. “म्हणजे तुम्ही थांबला नाहीत, हे मान्य आहे?”

“आहे.”

“आणि पाटी आहे हे माहीत होतं?”

“होतं.”

“धन्यवाद,” तो म्हणाला आणि जिंकल्यासारखा खाली बसला.

शेवटचं भाषण टेटने वीस मिनिटं केलं. व्हर्ना चार वाक्यं बोलली. “बेपर्वाई म्हणजे काय ते आता जजसाहेब तुम्हाला वाचून दाखवतील. दुसऱ्याच्या जिवाची किंमत नसणं. माझ्याबद्दल तसं वाटत असेल तर तसं लिहा. नसेल वाटत तर तसं लिहा.” मग सवयीने म्हणाली, “आणि एकेक करून उठा, ढकलाढकली नको.” सहाही जण एकेक करून उठले.

मी त्यांना खोलीत नेऊन दार लावलं, तेव्हा दोन वाजायला आले होते. अडीच वाजता दारावर टकटक झाली. चिठ्ठी होती: ‘चूक आणि बेपर्वाई यांत फरक काय?’ जजसाहेबांनी त्यांना परत कोर्टात बोलावलं आणि तीच व्याख्या पुन्हा वाचली, सावकाश, एकही शब्द न वाढवता. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की त्यांचीही गत माझ्यासारखीच आहे. तेही अर्थच सांगू शकतात. व्हर्ना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी तिच्याजवळून गेले तेव्हा ती पुटपुटली, “तीन वीसला शाळा सुटते.” तेवढं एकच बोलली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

पावणेतीनला पुन्हा टकटक. निकाल झाला होता. ज्युरीचा प्रमुख म्हणून ड्वाइट उभा राहिला. कागद त्याच्या पंजात पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता.

“आम्ही ज्युरी, आरोपी व्हर्ना कुबिचेक हिला बेपर्वाईने गाडी चालवण्याच्या आरोपातून निर्दोष ठरवतो.”

मागच्या बाकांवर डॉटीने शिट्टी मारली. जजसाहेबांनी हातोडा उचलला, आणि न आपटताच ठेवून दिला.

बाहेर पॅसेजमध्ये टेटने ड्वाइटला गाठलं. पोरगा खरंच गोंधळला होता. “तुला तर तिने दोन मैल चालवलं होतं!”

“चालवलं की. बाकीच्यांना सोडून ती बस घेऊन परत आली आणि घर येईपर्यंत माझ्या मागून हळूहळू चालवत आली, सगळे दिवे लावून, मला कुणी उडवू नये म्हणून. तू विचारलंच नाहीस.” मग टेटचं तोंड बघून त्याला दया आली. “पण निकाल त्यावर नाही दिला. ते पुराव्यात नव्हतं, जजसाहेबांनी सकाळीच बजावलं होतं. निकाल दिला कॉफीवर आणि तिच्या साक्षीवर. ती गप्प बसली असती ना, तर आमच्याकडे फक्त तुझं ते वाक्य उरत होतं. पाटी माहीत होती. खोलीत गेल्या गेल्या चौघं त्या वाक्याशीच अडली होती.”

मी ते ऐकत उभी होते, आणि मला एकदम खुर्ची हवीशी वाटली.

तीनला पाच मिनिटं कमी असताना व्हर्ना खिडकीवर आली. मी निकालाची नक्कल काढून तयारच ठेवली होती. त्यावर शिक्का मारला, सही केली. शिक्का इतक्या जोराने मारला की दौत हलली.

“आता हा खटला परत उभा राहील का?” तिने विचारलं.

“त्याच आरोपासाठी कधीच नाही. एकदा निर्दोष म्हणजे कायमची निर्दोष. पाटी तोडल्याचाही खटला नाही, टेटने तो लावलाच नव्हता.”

“म्हणजे संपलं?”

“संपलं.”

तिने कागद उचलला नाही. दोन्ही कोपरं टेकवून ती खिडकीत वाकली. “मग आता सांग. सहा आठवडे तुझ्या ओठावर काय होतं? मला दिसत होतं ना. रोज गाल फुगायचे तुझे.”

मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. “सांगू?”

“सांग.”

“वकील कर. मक्याने पाटी झाकली होती म्हण. आणि आभाळ कोसळलं तरी साक्षीच्या खुर्चीत बसू नकोस.”

व्हर्नाच्या पोटातून हसू आलं, असं की काचेला हादरे बसले. तिने चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसली. मीही हसत होते, आणि खरं सांगायचं तर रडतही होते, कारण बावीस वर्षांतला माझा सगळ्यात पक्का, सगळ्यात मायेचा सल्ला तिला बुडवणार होता.

“मार्लिस,” ती कागदाची घडी घालत म्हणाली, “तुला बोलायची बंदी ज्याने कुणी घातली ना, त्याचा पत्ता काढून ठेव. त्याला मी केक पाठवणार आहे.”

आणि ती धावत सुटली. त्रेसष्ट वर्षांची बाई, पायऱ्या दोन दोन करून उतरत होती. शाळा सुटायला वीस मिनिटं होती.